दोन महासभांच्या मधलं मतदान: नियम दुरुस्तीच्या नोंदी, नागपूर

७ जुलै २०२५

आमची आंतरराष्ट्रीय संघटना शेती-संशोधनातली आहे. सदस्य म्हणजे देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्या, चाळीसच्या आसपास. महासभा चार वर्षांतून एकदा भरते. मधल्या काळात जे ठरवायचं ते पूर्वी पत्रांनी आणि आता ई-मेलवर. या खेपेला नियम समितीचं काम भारताकडे आलं, आणि आमचं कार्यालय नागपुरात असल्यामुळे सगळ्या फायली सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. ज्यांना आपापल्या संघटनेत हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

घटनेत दूरस्थ मतदानाबद्दल एकच वाक्य सापडलं: तातडीच्या विषयावर सचिव सदस्यांची लेखी मतं मागवू शकेल. किती दिवसांत, किती उत्तरं आली तर चालतील, उत्तर न देणाऱ्याचं काय, काही नाही. निर्णयाचं कलम सभेसाठी लिहिलेलं आहे: उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. ई-मेलच्या मतदानात उपस्थित कोणाला धरायचं हे तिथून कळत नाही.

११ जुलै

गेल्या वर्गणीवाढीच्या मतदानाचे सगळे मेल छापून टेबलावर मांडले. एका देशाकडून दोन उत्तरं होती, अध्यक्षांचं ‘हो’ आणि चिटणिसांचं ‘नाही’. एकानं निवृत्त झालेल्या प्रतिनिधीच्या पत्त्यावरून मत दिलं होतं. दोघांनी ‘सर्वांना उत्तर’ दाबल्यामुळे त्यांची मतं बाकीच्यांना मुदत संपायच्या आधीच दिसली होती, आणि त्यानंतर आलेली उत्तरं बहुतेक त्यांच्याच वळणाची होती.

सगळ्यात अडचणीचं उत्तर असं: आमचा पाठिंबा आहे, मात्र वर्गणी डॉलरऐवजी युरोत घ्यावी. ते ‘हो’ म्हणून मोजलं गेलं होतं. ते काढून मोजलं की दोन तृतीयांश भरत नाहीत. म्हणजे ज्या वर्गणीवरून काही समित्यांनी पत्रव्यवहारच थांबवला, ती वाढ एका ‘मात्र’वर उभी आहे. सभागृहात अध्यक्षांनी तिथल्या तिथे विचारलं असतं की ही उपसूचना आहे का, आणि दोन मिनिटांत विषय मिटला असता. मेलवर तसं विचारणारं कोणी नव्हतं.

१९ जुलै

वन खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही आले होते. राज्याचं वन मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे अशा विषयात दोन शब्द सांगणारी माणसं इथे भेटतात. ते म्हणाले, “आधी साइट्सचं १५वं कलम वाचा, मग तुमचा मसुदा लिहायला घ्या.”

साइट्स म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा १९७३चा करार. त्याच्या परिशिष्टांत दोन परिषदांच्या मध्ये दुरुस्ती करायची असेल तर रस्ता असा. सचिवालय प्रस्ताव आणि आपली शिफारस सगळ्या देशांना पाठवतं. ६० दिवसांत देश आपलं म्हणणं कळवतात. ती उत्तरं पुन्हा सगळ्यांना जातात. त्यानंतर ३० दिवसांत कोणीही हरकत घेतली नाही तर दुरुस्ती ९० दिवसांनी लागू होते. एकाही देशाची हरकत आली की टपाली मतदान. त्यात ६० दिवसांत निम्म्या देशांची उत्तरं यावी लागतात, अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ. निम्मी आली नाहीत तर प्रस्ताव पुढच्या परिषदेकडे जातो. आली तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांवर निर्णय.

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, ई-मेल नसताना लिहिलेला मजकूर, पण आमच्या आजच्या नियमापेक्षा कितीतरी स्वच्छ. तटस्थ मत गणसंख्येत, म्हणजे निर्णयाला लागणाऱ्या किमान उत्तरांच्या संख्येत, धरायचं आणि बहुमताच्या हिशेबात धरायचं नाही, एवढं एक स्पष्ट केलं तरी आमचे निम्मे वाद संपतात. शिवाय मौनाला दोन वेगवेगळे अर्थ दिले आहेत. हरकतीच्या टप्प्यावर मौन म्हणजे संमती, मतदानाच्या टप्प्यावर मौन म्हणजे गैरहजेरी. हा फरक आम्ही जसाच्या तसा उचलणार आहोत.

२ ऑगस्ट

पहिला मसुदा तयार झाला आणि सदस्यांकडे अभिप्रायासाठी गेला. तीन आठवडे मुदत.

आमचे हिशेबनीस, पूर्वी एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीचे चिटणीस होते, त्यांनी मसुदा वाचून एकच प्रश्न केला: “उत्तर नाही आलं त हो समजाचं का नाही समजाचं, हे पहिले लिहा नं साहेब. बाकी मग करा.” मसुद्यात हे सातव्या कलमात होतं. ते उचलून पहिल्या कलमात नेलं.

२५ ऑगस्ट

पोळा-मारबत उरकून कार्यालय उघडलं. अभिप्राय जवळपास शून्य. युरोपातल्या समित्यांची कार्यालयं ऑगस्टभर बंद होती, आपोआप येणारी सुट्टीची उत्तरं तेवढी ढिगानं आली. तीन आठवडे फुकट गेले आणि त्याबरोबर फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतराचे पैसेही, कारण आता मसुदा बदलणार. भाषांतर हा या कामातला सगळ्यात मोठा खर्च आहे, सर्व्हर आणि वकील मिळून होतो त्याहून जास्त. मसुदा गोठल्याशिवाय भाषांतराला देऊ नये.

यातून एक कलम जन्माला आलं: ऑगस्ट महिना, २० डिसेंबर ते ७ जानेवारी, आणि प्रदेशवार सदस्यांनी वर्षारंभी कळवलेले सणांचे आठवडे मुदतीत मोजायचे नाहीत. मी दिवाळीचा आठवडा कळवला. इंडोनेशियाच्या समितीनं रमझान ईद कळवली. यादी लांबते हे खरं, पण न मोजलेल्या दिवसांची यादी आधी छापलेली असली की नंतर कोणी मुदतीवरून भांडत नाही.

६ सप्टेंबर

धरमपेठेतल्या एका कंपनी सेक्रेटरी मॅडमकडे बसलो. आंतरराष्ट्रीय संघटनेला आपला कंपनी कायदा लागू नाही, पण टपाली मतदान रोज हाताळणारी माणसं म्हणजे हीच. कंपनी कायदा २०१३च्या ११०व्या कलमाखाली टपाली मतदान होतं. नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांनंतर आलेलं उत्तर हे न आलेलंच धरतात. छाननी करणारा माणूस कंपनीच्या नोकरीतला असून चालत नाही. दोन्ही गोष्टी आम्ही घेतल्या. आतापर्यंत आमची मतं सचिवच मागवत, सचिवच मोजत आणि सचिवच निकाल सांगत. ते प्रामाणिक होते यात शंका नाही, पण ‘मात्र’वालं मत त्यांनी एकट्यानं ‘हो’ ठरवलं, आणि त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

मॅडमनी जाता जाता आणखी एक सांगितलं, ते माझ्या दृष्टीनं या भेटीतलं सगळ्यात मोलाचं. “सर, काय काय टपालानं ठरवता येतं हे सगळे विचारतात. काय ठरवता येत नाही ते आधी लिहा.” ज्या विषयात संचालकाला किंवा लेखापरीक्षकाला सभेत आपली बाजू मांडायचा हक्क आहे, तो विषय कायद्यानं टपाली मतदानाला घेताच येत नाही. ज्याच्यावर निर्णय होणार त्याला समोर उभं राहून बोलता आलं पाहिजे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी थकबाकीमुळे एका देशाचं सदस्यत्व मेलवरच रद्द झालं. त्या समितीनं लिहिलेलं उत्तर कोणी उघडून वाचलं की नाही, हेही फायलीतून कळत नाही. नव्या मसुद्यात सदस्यत्व रद्द करणं, पदाधिकाऱ्याला काढणं आणि घटनादुरुस्ती या तीन गोष्टी दूरस्थ मतदानातून पूर्ण वगळल्या. यावर काही समित्या नाराज होतील. होऊ देत.

२२ सप्टेंबर

सुधारित मसुद्यावर पहिला ऑनलाइन संवाद. मूक संमतीची पद्धत सरसकट वापरावी, असा काहींचा आग्रह होता. त्यांनी दाखला दिला संयुक्त राष्ट्रांचा. २०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे सभागृह बंद झालं तेव्हा आमसभेनं किमान ७२ तासांची मूक संमती स्वीकारली. मसुदा फिरवायचा, कोणी मौन मोडलं नाही तर ठराव मंजूर. सुरक्षा परिषदेनं मात्र वेगळा रस्ता धरला. अंतिम मसुद्यावर २४ तासांत प्रत्येक सदस्यानं लेखी मत पाठवायचं. ३० मार्च २०२० ला त्या पद्धतीनं पहिले ठराव झाले, २५१५ ते २५१८.

मी दुसरी बाजू मांडली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या ७५व्या वर्षाच्या घोषणापत्रावर मौन मोडलं गेलं, आणि मोडणाऱ्यांत भारतही होता. सामायिक भविष्याबद्दलचा एक शब्दप्रयोग चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या भाषेतला आहे अशी हरकत होती. शेवटी तो बदलावा लागला. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक देशाचं पूर्णवेळ कार्यालय असतं, म्हणून ७२ तासांत हरकत घेता आली. आमच्या समित्यांचे चिटणीस प्राध्यापक आहेत, शेतावर असतात, परीक्षा घेत असतात. त्यांचं मौन हे मत नाही, ते त्या आठवड्यात मेल न उघडल्याचा पुरावा आहे. चर्चेनंतर मूक संमती फक्त कार्यवृत्त कायम करणं, बैठकीची तारीख अशा रोजच्या बाबींपुरती राहिली.

२९ ऑक्टोबर

दुसरा संवाद फसला. युरोपातली घड्याळं २६ तारखेला मागे गेली, अमेरिकेतली २ नोव्हेंबरला जाणार. या आठवड्यात बैठक ठेवल्यामुळे अर्धे लोक तासभर आधी येऊन निघून गेले. नागपुरात बसून हे लक्षात येत नाही, कारण आपलं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं.

मतदानाच्या मुदतीसाठी यातून जे ठरलं ते सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक आंतरराष्ट्रीय मतदानात येतो. ‘अमुक तारखेच्या अखेरपर्यंत’ असं लिहायचं नाही. फिजीत ती तारीख संपते तेव्हा मेक्सिकोत सकाळच असते. आमचा नियम: मतदान यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, दुपारी १२:०० वाजता बंद होईल. त्या क्षणी आदल्या दिवसाची तारीख पृथ्वीवरच्या शेवटच्या कोपऱ्यातूनही संपलेली असते, म्हणून कोणाचा दिवस अर्धा कापला जात नाही. नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे बंद करणारा माणूस कार्यालयात जागा असतो. मतपत्रिकेवर यूटीसीची वेळ आणि शेजारी प्रत्येक सदस्याची स्थानिक वेळ, दोन्ही छापायच्या.

१४ नोव्हेंबर

सरावाचं मतदान, विषय निरुपद्रवी: वार्तापत्र छापील बंद करून फक्त ऑनलाइन काढावं का.

मतपत्रिका अशी. वर ठरावाचा पूर्ण मजकूर, जोडपत्र नाही. कारण जोडपत्रं एकदा फिरली की कोणत्या आवृत्तीवर मत आलं ते शोधत बसावं लागतं. खाली तीन रकाने: अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ. त्याखाली वेगळ्या चौकटीत शेरा, आणि चौकटीच्या माथ्यावर ठळक ओळ: इथे लिहिलेलं काहीही मत म्हणून मोजलं जाणार नाही. प्रतिकूल मत देणाऱ्यानं कारण लिहिणं बंधनकारक. हे आयएसओकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडून घेतलं. त्यांच्या मानकांच्या मतदानात तांत्रिक कारणाशिवाय आलेलं विरोधी मत मोजतच नाहीत. आम्ही तितकं टोकाला गेलो नाही. कारण नसेल तर छाननी अधिकारी एकदा विचारेल, तरीही आलं नाही तर मत मोजलं जाईल. विरोध करणाऱ्याला गप्प करायला हा नियम वापरला जाण्याची भीती मला वाटते.

प्रत्येक समितीनं मत देणारी एक व्यक्ती आणि एक पर्यायी व्यक्ती आधी लेखी कळवायची. यातच सर्वाधिक वेळ गेला. काही समित्यांमध्ये अधिकार कोणाचा यावरच एकमत नव्हतं, आणि ते आमच्या पत्रामुळे बाहेर आलं. त्रासदायक, पण मतदानाच्या आधी बाहेर आलं हे बरं.

२८ नोव्हेंबर

गुप्त मतदानाचा भाग पुन्हा उघडावा लागला. ठरावांवर देशांचं मत उघड असावं, पदाधिकाऱ्यांची निवड मात्र गुप्त, असं ठरलं होतं. निवडणुकीसाठी आमची तांत्रिक बाजू पाहणाऱ्या मुलीनं हेलिओस ही मुक्त प्रणाली सर्व्हरवर चढवली होती. मतं कुलूपबंद स्वरूपात जमा होतात, निकाल काढायला त्यासाठी नेमलेल्या विश्वस्तांच्या सांकेतिक किल्ल्या लागतात, आणि आपलं मत मोजलं गेलं की नाही हे मतदाराला स्वतः पडताळता येतं.

या महिन्यात बातमी आली की कूटशास्त्रज्ञांच्या, म्हणजे सांकेतिक कुलपांचाच अभ्यास करणाऱ्यांच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेला, आयएसीआरला, आपली निवडणूक पुन्हा घ्यावी लागते आहे. तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली कायमची हरवली आणि तिन्ही लागत असल्यामुळे निकाल उघडताच येईना. ज्यांचा हा विषयच आहे त्यांच्याकडे हे झालं, तर आमच्या तीन प्राध्यापकांकडे होणार नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या संघटनेनं पुढे तिघांपैकी दोघांच्या किल्ल्या पुरतील अशी व्यवस्था जाहीर केली.

मुलगी म्हणाली, “सर, आपण घेतलेल्या हेलिओसमध्ये सगळ्यांच्या किल्ल्या लागतातच. बेलेनिओसमध्ये दोन पुरतात असं ठेवता येतं.” बेलेनिओस हे हेलिओसच्याच पायावर फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी केलेलं. तिकडे वळलो. काही महिन्यांचं सर्व्हरभाडं आणि तिचे बरेच शनिवार-रविवार वाया गेले. विश्वस्त तीन वेगवेगळ्या खंडांतले निवडले. किल्ली मिळाल्यावर आठवडाभरात प्रत्येकानं ती लटक्या मतदानावर वापरून दाखवायची, मगच खरं मतदान उघडायचं.

१० डिसेंबर

अधिवेशन सुरू असल्यामुळे सिव्हिल लाइन्समध्ये गाडी घेऊन शिरणं अवघड, म्हणून घरूनच काम. गणसंख्येवर एका समितीचं पत्र आलं आहे. भारतातल्या विधानसभेला एक दशांश पुरतात, मग तुम्ही आमच्याकडून निम्मे का मागता? आकडा बरोबर आहे. घटनेच्या १८९व्या कलमाप्रमाणे दहा किंवा एक दशांश, यातला मोठा आकडा. २८८ जागांच्या विधानसभेला २९ सदस्य पुरतात.

उत्तरात लिहिलं ते असं. सभागृहात गणसंख्या कमी पडली की घंटा वाजते आणि लॉबीत, कँटीनमध्ये बसलेला सदस्य आत येऊ शकतो. कामकाजाची यादी त्याच्या हातात असते. कमी हजेरीत निर्णय झाला तरी येण्याची संधी प्रत्येकाला असते. दूरस्थ मतदानात अशी घंटा नाही. चाळिसातल्या चौघांच्या उत्तरांवर उरलेल्यांना बांधायचं तर उरलेल्यांना विषय पोचला होता हे कोणी सांगायचं? निम्म्यांची अट ठेवली, आणि घंटेचं काम स्मरणपत्रांकडे दिलं: १०व्या, २०व्या आणि २७व्या दिवशी. शेवटचं मेलनं नाही, फोननं.

२२ डिसेंबर

सरावाच्या मतदानाचा निकाल छाननी अधिकाऱ्यानं जाहीर केला. गणसंख्या भरली, आणि मागच्या मतदानांच्या तुलनेत उत्तरं ठळकपणे जास्त. कारण शोधलं तर सगळ्यात जास्त उपयोग एका साध्या गोष्टीचा झालेला दिसतो. मतदान चालू असताना कोणी उत्तर दिलं आणि कोणी नाही, एवढीच यादी आम्ही दर आठवड्याला फिरवली. मत काय दिलं ते झाकलेलं. आपल्या देशापुढची जागा रिकामी दिसली की चिटणिसांचे फोन यायचे. चालू आकडे मात्र दाखवायचे नाहीत, हे पक्कं. आकडे दिसले की उशिरा मत देणारा वाऱ्याची दिशा पाहतो, किंवा निकाल लागलाच आहे असं समजून गप्प बसतो.

न चाललेलं: दोन समित्यांकडे मतपत्रिका स्पॅममध्ये गेली. त्यांच्या विद्यापीठाच्या मेल यंत्रणेनं दुवा असलेला मेल अडवला. आता दुवा पाठवण्याआधी दोन दिवस साधा, दुवा नसलेला मेल जातो, आणि त्याची पोच आली नाही तर फोन. फोनचं काम वाढलं आहे आणि ते कमी होईल असं दिसत नाही.

१६ जानेवारी २०२६

कार्यकारिणीनं कार्यपद्धती तात्पुरती मंजूर केली. घटनादुरुस्ती महासभेतच होईल, कारण आम्हीच तसा नियम लिहिला आहे. मंजूर क्रम असा: २१ दिवस खुली चर्चा, त्यात उपसूचना लेखी घेता येतात. मग ७ दिवसांत सचिव आणि मांडणारे मिळून मजकूर अंतिम करतात आणि कोणती उपसूचना घेतली, कोणती सोडली, का, हे लिहून पाठवतात. मजकूर तिथे गोठतो, आणि भाषांतर त्यानंतरच सुरू होतं. भाषांतर हातात आलं की ३० दिवस मतदान. ‘मात्र’ लावायचा असेल त्यानं तो पहिल्या २१ दिवसांत लावायचा. निम्मी उत्तरं आली नाहीत तर विषय संपत नाही, तो महासभेच्या विषयपत्रिकेवर आपोआप जातो. सदस्यांपैकी एक पंचमांशांनी मागितलं तर कोणताही विषय मतदान बंद होईपर्यंत ऑनलाइन सभेकडे ओढता येतो. ही शेवटची तरतूद ब्राझीलच्या समितीनं सुचवली आणि तिच्यामुळेच नाराज समित्या राजी झाल्या.

राहिलेलं काम दोन प्रकारचं. वर्गणीवाढीचं जुनं मतदान नव्या पद्धतीनं पुन्हा घ्यायचं आहे, आणि त्यात वर्गणी युरोत की डॉलरमध्ये हा प्रश्न आता स्वतंत्र ठराव म्हणून येईल. दुसरं मुखत्यारीचं. एका देशानं दुसऱ्याला आपलं मत सोपवायचं का? सभेत प्रवासखर्च परवडत नाही म्हणून ती सोय होती. मत देण्यासाठी प्रवासच लागत नसेल तर ती दूरस्थ मतदानात नको, असं माझं मत आहे आणि मसुद्यात तसंच लिहिलं आहे. पॅसिफिक बेटांवरच्या समित्यांना ते मान्य नाही. त्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे इंटरनेट नसतं, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याशी फोनवर बोलायचं आहे, त्यांच्या सकाळी, म्हणजे आमच्या पहाटे.